जात्यावरील ओवी : सोसण्याची भाषा

दैनंदिन जीवनातील कष्ट व मनस्ताप माणूस कसे सोसतो, हा प्रश्न सामान्यतः मानसशास्त्राच्या कक्षेतील मानला जातो. परंतु त्याला भाषेचीही एक बाजू आहे. दुःख बोलून दाखविता आले तर ते काहीसे हलके होते. मात्र ज्याला उघड बोलण्याची मुभा नाही, त्याला निर्धास्तपणे बोलता येईल अशी भाषिक रचना उपलब्ध असावी लागते. मराठी स्त्रीला ती ओवीने दिली.

ही परंपरा जुनी आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख १२ व्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात सापडतो. अलीकडच्या काळात हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांच्या पुढाकाराने १,००,००० हून अधिक ओव्यांचे संकलन झाले आहे.

या रचनेचे तीन विशेष येथे ध्यानात घ्यावयाचे आहेत. पहिला संबोधनाचा. ओवी जात्याला, सईला, दूरच्या आईला वा भावाला उद्देशून असते. ज्या घरात सासूला उत्तर देणे हा उद्धटपणा ठरे, तेथे जात्याशी बोलणे मात्र कोणास खटकत नसे. दुसरा विशेष ‘मी’चा. ओवीतील ‘मी’ परंपरेने चालत आलेला असल्यामुळे तो गाणारीचा असतो आणि नसतोही. तक्रार आपली असली, तरी शब्द आईकडून आलेले असतात. म्हणून त्यांचा जाब तिला विचारता येत नाही. तिसरा विशेष आकाराचा. प्रत्येक ओवी स्वयंपूर्ण असते. एका ओवीत सासुरवास आला, तर पुढच्या ओवीत भावाचे कौतुक येऊ शकते. दुःख शेवटपर्यंत ओढीत नेण्याची सक्ती नसते. आणि खुंट्याला दुसरा हात लागलेला असेल, तर ओवी उचलून धरणारा दुसरा गळाही जवळच असतो.

तथापि या सुटकेची मर्यादाही सांगितली पाहिजे. ओवीने जाच सांगता आला, थांबविता आला नाही. किंबहुना तो सुसह्य झाल्यामुळेच अधिक काळ सोसला गेला असेल, ही शंका अभ्यासकाने मनात बाळगावी.

पुढे गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या. दळणाचे कष्ट गेले, हे इष्टच झाले. पण त्यांबरोबर पहाटेची ती बोलण्याची वेळही गेली. घरातील इतर कष्ट व मनस्ताप मात्र तेवढ्याने संपले नाहीत. आज आपण प्रश्नावली हाती घेऊन स्त्रीला तिच्या ताणाविषयी थेट विचारतो, तेव्हा ज्या उघड ‘मी’पासून ओवीने तिला वाचविले होते, नेमका तोच ‘मी’ आपण तिच्याकडे मागत असतो. तिने ‘काही नाही’ असे उत्तर दिले, तर त्यावरून दुःखाचा अभाव सिद्ध होत नाही. आपला प्रश्न तिला परक्या व्याकरणात विचारला गेला, एवढाच कदाचित त्याचा अर्थ असेल.