विश्लेषण : ‘मपेट्स’ची जादू मोठ्यांवर आता का चालत नाही?

‘द मपेट शो’ पहिल्यांदा प्रसारित झाला, त्याला यंदा सप्टेंबरमध्ये ५० वर्षे पूर्ण होतील. कर्मिट नावाचा बेडूक, मिस पिगी नावाची डुकरीण आणि ज्याचे विनोद कायम फसतात असे फॉझी अस्वल या बाहुल्यांनी एके काळी शंभराहून अधिक देशांतील मोठ्या माणसांना टीव्हीसमोर बसवले होते. गेल्या १२ वर्षांत मात्र मपेट्सचा एक चित्रपट अपेक्षेइतका चालला नाही, एक मालिका १६ भागांत बंद पडली आणि दुसरी एकाच हंगामात आटोपली. मोठी माणसे या बाहुल्यांना कंटाळली, की बाहुल्यांकडून करून घेतले जाणारे कामच बदलले?

मपेट्स म्हणजे नेमके काय?

जिम हेन्सन या अमेरिकी कलावंताने घडवलेल्या बाहुल्यांना मपेट्स म्हणतात. मॅरियोनेट (कळसूत्री बाहुली) आणि पपेट या शब्दांची ही सांगड असल्याचे हेन्सन कधी सांगत. पुढे, तो शब्द नुसता कानाला बरा वाटला म्हणून ठेवला, असेही त्यांनी सांगितले. कर्मिटचा जन्म १९५५चा. हेन्सन यांच्या आईचा जुना कोट फाडून त्याचे अंग शिवले गेले आणि पिंगपाँगचा चेंडू कापून डोळे केले गेले. सुरुवातीला तो बेडूकही नव्हता, सरड्यासारखा कुठलासा प्राणी होता.

हेन्सन यांनी केलेला मोठा बदल तंत्राचा होता. तोपर्यंत टीव्हीवरच्या बाहुल्या छोट्या लाकडी रंगमंचाच्या चौकटीतून डोकावत. हेन्सन यांनी तो रंगमंच काढून टाकला आणि टीव्हीच्या पडद्यालाच चौकट मानले. कलावंत कॅमेऱ्याच्या नजरेखाली उभा राहतो, हात डोक्यावर धरतो आणि समोरच्या मॉनिटरवर स्वत:चीच बाहुली बघत अभिनय करतो. प्रेक्षकाला जे दिसते तेच त्यालाही त्याच क्षणी दिसते. कर्मिटच्या चेहऱ्यात कडक असे काही नाही. कापडाखाली माणसाचा हात आहे. मूठ जराशी आवळली की कर्मिट ओशाळतो, बोटे ताणली की दचकतो. हे बारकावे लहान मुलांपेक्षा मोठ्यांच्याच नजरेत जास्त भरतात.

पण हा तर मुलांचा कार्यक्रम ना?

समज तसा आहे, इतिहास तसा नाही. हेन्सन यांचा पहिला कार्यक्रम ‘सॅम अँड फ्रेंड्स’ वॉशिंग्टनच्या स्थानिक वाहिनीवर लागायचा. तो जेमतेम पाच मिनिटांचा होता आणि त्याचे एक प्रसारण रात्री उशिरा, मुले झोपल्यावर असायचे. त्याच काळात त्यांनी एका कॉफीच्या काही सेकंदांच्या जाहिराती केल्या. त्यात कॉफी नको म्हणणाऱ्या बाहुलीला दुसरी बाहुली कधी तोफेने उडवते, कधी आणखी काही करते. त्यांचा १९६५चा ‘टाइम पीस’ हा प्रायोगिक लघुपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला. त्यात बाहुल्या नव्हत्याच.

१९६९ मध्ये ‘सेसमी स्ट्रीट’ सुरू झाले आणि मपेट्सवर ‘मुलांचे’ असा शिक्का बसला. हेन्सन यांना त्या कार्यक्रमाचा अभिमान होता, पण त्या शिक्क्याची धास्तीही होती. म्हणून १९७५ मध्ये मोठ्यांच्या नव्या कार्यक्रमासाठी जो नमुना भाग केला, त्याच्या नावातच त्यांनी ‘सेक्स अँड व्हायोलन्स’ हे शब्द घातले. टीव्हीवरच्या लैंगिकतेची आणि हिंसाचाराची ती थट्टा होती. त्याच वर्षी ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या मोठ्यांच्या विनोदी कार्यक्रमाच्या पहिल्या हंगामातही मपेट्स होते. मात्र तिथल्या लेखकांचे आणि बाहुल्यांचे सूत जुळले नाही.

मग ‘द मपेट शो’ कसा चालला?

अमेरिकेतील मोठ्या वाहिन्यांनी नकार दिला. बाहुल्यांचा कार्यक्रम संध्याकाळच्या मुख्य वेळेत कोण बघणार, हा त्यांचा प्रश्न होता. ब्रिटनच्या ‘एटीव्ही’चे लॉर्ड लू ग्रेड पुढे आले आणि लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत चित्रीकरण सुरू झाले. १९७६ ते १९८१ या काळात पाच हंगाम आणि १२० भाग झाले. कार्यक्रमाची जगभरातील प्रेक्षकसंख्या २३ कोटींच्या पुढे असल्याचा अंदाज तेव्हा दिला जात असे. सुरुवातीला पाहुणे मिळवताना ओळखी वापराव्या लागल्या. पण विख्यात बॅले नर्तक रुडॉल्फ नुरेयेव्ह एका भल्यामोठ्या डुकरिणीबरोबर नाचून गेले आणि चित्र पालटले. एल्टन जॉन, ज्युली अँड्र्यूज, पीटर सेलर्स, हॅरी बेलाफाँटे अशी नावे या मंचावर येऊन गेली.

मोठ्यांना त्यात काय दिसले? कार्यक्रमाची रचना साधी होती. एक जुने नाट्यगृह, रोज रात्रीचा प्रयोग आणि पडद्यामागे चाललेला गोंधळ. कर्मिट हा त्या कंपनीचा व्यवस्थापक. त्याच्या हाताखालचा एकही जण धड काम करत नाही, तरीही पडदा वेळेवर वर गेलाच पाहिजे. पिगीला मुख्य भूमिका हवी, फॉझीला टाळ्या हव्यात. गॉन्झोला तर असे काही अचाट करून दाखवायचे आहे की जे कुणी बघायलाही येणार नाही. आणि वरच्या खोक्यात बसलेले स्टॅटलर आणि वॉल्डॉर्फ हे दोन म्हातारे दर आठवड्याला शिव्या घालतात आणि दर आठवड्याला परत येतात.

ज्याने कधी कचेरी सांभाळली, गणेशोत्सवात मंडळाचे नाटक बसवले किंवा घरचे कार्य पार पाडले, त्याला कर्मिट कळायला वेळ लागत नाही. मुलांना त्यात स्फोट आणि पडापडी दिसे. मोठ्यांना आपल्या कुवतीपेक्षा मोठे काम अंगावर घेतलेली माणसे दिसत. एकच प्रसंग दोघांना पुरत असे. मुलांसाठी एक आणि पालकांसाठी एक, असे वेगळे विनोद करण्याची गरज नव्हती.

घसरण कधीपासून सुरू झाली?

१९८४ मध्ये ‘मपेट बेबीज’ ही ॲनिमेशन मालिका आली. तीत हीच पात्रे पाळणाघरातील बाळे झाली होती. मालिका गाजली, पण एका पिढीची मपेट्सशी पहिली ओळख बाहुल्यांऐवजी चित्रांतून, तीही बाळांच्या रूपात झाली.

खरा आघात १९९०चा. हेन्सन आपली कंपनी डिस्नीला विकण्याच्या वाटाघाटी करत होते. १६ मे रोजी जिवाणूसंसर्गाने, वयाच्या अवघ्या ५३व्या वर्षी, त्यांचे अचानक निधन झाले. वर्ष संपण्याआधी व्यवहारही फिसकटला. १९९२ मध्ये रिचर्ड हंट हे दुसरे महत्त्वाचे कलावंत गेले. त्याच वर्षी आलेला ‘द मपेट ख्रिसमस कॅरोल’ आजही नाताळात आवडीने पाहिला जातो. त्यात मायकेल केन यांनी समोर बाहुल्या आहेत हे जणू विसरून, गंभीर नाटकात करावे तसे काम केले. पण हा चित्रपट आणि त्यानंतरचा ‘मपेट ट्रेझर आयलंड’ यांत ही पात्रे डिकन्स आणि स्टीव्हन्सन यांच्या गोष्टींत पाहुणी म्हणून आली. त्यांचे स्वत:चे नाट्यगृह बंदच राहिले.

पुढे मालकी फिरत राहिली. २००० मध्ये ‘ईएम.टीव्ही’ या जर्मन कंपनीने ६८ कोटी डॉलरना हेन्सन कंपनी घेतली. ती अडचणीत आल्यावर २००३ मध्ये हेन्सन कुटुंबाने कंपनी परत विकत घेतली आणि २००४ मध्ये मपेट्सचे हक्क डिस्नीकडे गेले. ‘सेसमी स्ट्रीट’ची पात्रे वेगळी. ती सेसमी वर्कशॉपकडे आहेत.

२०११ मध्ये तर पुनरागमन झाले होते...

झाले होते. जेसन सीगल या अभिनेत्याने चाहत्याच्या उत्साहाने लिहिलेल्या ‘द मपेट्स’ने जगभरात सुमारे साडेसोळा कोटी डॉलर कमावले आणि सर्वोत्कृष्ट गाण्याचे ऑस्करही मिळवले. पण त्याची कथा काय होती? जगाने विसरलेले मपेट्स आपले जुने नाट्यगृह वाचवण्यासाठी पुन्हा एकत्र येतात! म्हणजे चित्रपटाचा विषयच स्मरणरंजन होता. लहानपणी ‘द मपेट शो’ पाहिलेले प्रेक्षक गहिवरून चित्रपटगृहात गेले. अशी गोष्ट मात्र एकदाच सांगता येते. तीन वर्षांनी आलेल्या ‘मपेट्स मोस्ट वाँटेड’ची कमाई जवळपास निम्म्यावर, आठ कोटी डॉलरच्या आसपास अडकली.

२०१५चा ‘मोठ्यांसाठी’चा प्रयोग का फसला?

‘एबीसी’ वाहिनीने त्या वर्षी ‘द मपेट्स’ ही मालिका आणली. ‘द ऑफिस’सारखी माहितीपटाच्या थाटातली ही मालिका मोठ्यांसाठी असल्याची जाहिरात झाली. पिगी रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमाची सूत्रधार आणि कर्मिट तिचा निर्माता. दोघांचे नाते तुटलेले, कर्मिटला नवी मैत्रीण. संवादांत दारू, डेटिंग आणि द्व्यर्थी विनोद. पालकांच्या एका गटाने प्रसारणाआधीच आक्षेप घेतला. पहिल्या भागाला सुमारे ९० लाख प्रेक्षक मिळाले, मग आकडा झपाट्याने घसरला. मध्येच मालिकेची सूत्रे दुसऱ्या लेखिकेकडे देऊनही उपयोग झाला नाही. १६ भागांनंतर ती बंद झाली.

या आकड्यांत एक धडा आहे. मोठी माणसे पहिल्या दिवशी आली होती. म्हणजे ओढ शिल्लक होती. त्यांना जे दाखवले गेले ते त्यांनी नाकारले. जुन्या कार्यक्रमातला कर्मिट थकायचा, चिडायचा, ओरडायचा. पण कडवट नव्हता. नव्या मालिकेने मोठेपणा म्हणजे कडवटपणा असे गृहीत धरले. शिवाय द्व्यर्थी बोलणाऱ्या बाहुल्यांत तोवर नवे काही उरले नव्हते. ‘ॲव्हेन्यू क्यू’ या बाहुल्यांच्या ब्रॉडवे संगीतिकेने ते काम २००३ मध्येच करून टोनी पुरस्कारही मिळवला होता.

कलावंत बदलले, हे कारण आहे का?

काही प्रमाणात. मपेट म्हणजे नुसते कापड नव्हे. एकाच माणसाचा हात आणि आवाज वर्षानुवर्षे त्यात मुरलेला असतो. पिगी आणि फॉझी ही दोन्ही पात्रे फ्रँक ओझ यांची. त्यांनी ती सोडून बरीच वर्षे झाली आणि डिस्नीच्या कारभाराबद्दलची नाराजी त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवली आहे. हेन्सन यांच्यानंतर कर्मिट करणारे स्टीव्ह व्हिटमायर यांना डिस्नीने २०१६ मध्ये दूर केले. पुढच्या वर्षी त्यावरून जाहीर वाद झाला आणि भूमिका मॅट व्होगेल यांच्याकडे गेली.

पण पात्र एका हातातून दुसऱ्या हातात जाऊच शकत नाही, असे नाही. मराठी माणसाला हे सांगायला नको. यशवंत पाध्ये यांचा अर्धवटराव रामदास पाध्ये यांच्या हाती पुढे कित्येक दशके बोलत राहिला आणि त्याच्या कोपरखळ्या मोठ्यांसाठीच असत. त्यासाठी बाहुलीला नियमित प्रयोग मिळावे लागतात. मपेट्सचे नेमके तेच थांबले. हेन्सन यांच्या चमूने पाच वर्षांत १२० भाग केले. डिस्नीकडे आल्यानंतरच्या दोन दशकांत २०१५ची मालिका, २०२०चा ‘मपेट्स नाऊ’ आणि २०२३चा ‘द मपेट्स मेहेम’ या तिन्हींचे भाग मिळून ३२ भरतात. दर वेळी साचा नवा, सूर नवा आणि प्रेक्षक कोण याचा अंदाजही नवा.

भारतात मपेट्स कुणाला आठवतात?

आपल्याकडे ही परंपरा २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘गली गली सिम सिम’मुळे घराघरांत पोहोचली. शाळेच्या गणवेशातली चमकी आणि बूमबा नावाचा सिंह ही ‘सेसमी स्ट्रीट’च्या कुळातली पात्रे. त्यामुळे भारतीय प्रेक्षकाच्या मनात मपेट म्हणजे अक्षरओळख आणि चांगल्या सवयी. हेन्सन यांना ज्या शिक्क्याची धास्ती होती, तो इथे पहिल्या दिवसापासून पक्का बसला.

मग ओढ संपली का? पुढे काय?

मपेट्सच्या जगातून निरोपाच्या बातम्याही येत आहेत. फ्लोरिडातील डिस्नीच्या थीम पार्कमधला ‘मपेट व्हिजन थ्रीडी’ हा खेळ जून २०२५ मध्ये बंद झाला. हेन्सन यांच्या अखेरच्या कामांपैकी ते एक होते. त्याच पार्कमधल्या एका रोलर कोस्टरला मपेट्सचे रूप देण्याचे डिस्नीने जाहीर केले. दुसरीकडे, सुवर्णमहोत्सवानिमित्त ४ फेब्रुवारी २०२६ रोजी ‘द मपेट शो’चा विशेष भाग आला. गायिका सेब्रिना कारपेंटर पाहुणी आणि सेथ रोगन निर्मात्यांपैकी एक. त्यात नवा साचा शोधण्याचा खटाटोप नव्हता. तेच नाट्यगृह, तोच पडदा, तीच धावपळ. जुनी चौकट आणि आजच्या पिढीची पाहुणी, ही जोडणी मूळ कार्यक्रमाच्या सर्वात जवळची आहे.

पण एक विशेष भाग म्हणजे एक वाढदिवस. आठवणींच्या जोरावर मोठ्यांना एकदा बोलावता येते, हे २०११ने दाखवले. त्यांना टिकवून ठेवता येत नाही, हे २०१४ने. आणि ‘मोठ्यांचे’ विषय घातले की मोठे येतात असे नाही, हे २०१५ने. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्यांना कर्मिट प्रिय आहे, कारण तो त्यांच्या बालपणी दर आठवड्याला घरी येत होता. आजच्या विशीतल्या प्रेक्षकाकडे अशी आठवणच नाही, आणि त्याच्यासाठी ती तयार करण्याचे काम थीम पार्कमधल्या खेळांना जमणारे नाही. त्यासाठी ठरावीक लेखक, ठरावीक कलावंत आणि नियमित प्रयोग लागतो. बाहुल्या अजून आहेत, त्यांच्यात हात घालणारे कसलेले कलावंतही आहेत. त्यांना पुढचा भाग मिळतो का, एवढाच प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर प्रेक्षकांकडे नसून डिस्नीकडे आहे.