महाविद्यालयीन कार्यपद्धतीतील बदलाचे व्यवस्थापन : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
कोणत्याही संस्थेला काळानुरूप बदलावे लागते, हे सर्वमान्य आहे. मात्र हा बदल कोणत्या गतीने व कोणाच्या सहभागाने घडवावा, हा व्यवस्थापनशास्त्रातील मूलभूत प्रश्न आहे. यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालयांना गेल्या चार दशकांत या प्रश्नास वारंवार सामोरे जावे लागले आहे.

बदलाचे टप्पे :
१९८३ मध्ये अमरावती विद्यापीठाची स्थापना झाली व जिल्ह्यातील महाविद्यालये नागपूर विद्यापीठाकडून नव्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात आली. १९९४ मध्ये राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद (नॅक) स्थापन झाली आणि पुढे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष महाविद्यालयीन कामकाजाचा भाग झाला. २०१७ च्या सुधारित पद्धतीत संख्यात्मक माहितीस अधिक महत्त्व प्राप्त झाले. त्यानंतर राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे मुख्य व गौण विषयांची श्रेयांकाधारित रचना आली. हे सर्व बदल बाहेरून आले. अंमलबजावणीचा भार मात्र प्रत्येक विभागावर पडला.

विरोधाची मीमांसा :
अशा प्रसंगी शिक्षकांचा विरोध केवळ परंपराप्रियतेतून होतो, असे मानणे योग्य नाही. अनुदानित महाविद्यालयात शिक्षकाचे पद कार्यभारावर अवलंबून असते. विषयनिवडीचे स्वातंत्र्य विद्यार्थ्यास लाभदायक असले, तरी एकशिक्षकी विभागात विद्यार्थी कमी झाल्यास तो शिक्षक अतिरिक्त ठरण्याची शक्यता निर्माण होते. ही भीती वास्तव आहे. तिची दखल न घेता काढलेले परिपत्रक आज्ञापालन घडवू शकेल, सहकार्य नव्हे.

कुर्ट लेविन यांनी १९४७ मध्ये बदलाच्या तीन अवस्था मांडल्या : जुनी घडी सैल करणे, बदल घडविणे व नवी घडी बसविणे. महाविद्यालयांत बहुधा पहिल्या व तिसऱ्या अवस्थेस वेळच मिळत नाही. एक पद्धत अंगवळणी पडण्यापूर्वीच दुसरी येते. परिणामी कागदपत्रे बदलतात, अध्यापन तसेच राहते.

उपाययोजना :
१) निर्णयापूर्वी विभागनिहाय कार्यभाराचा संभाव्य परिणाम लेखी स्वरूपात शिक्षकांसमोर ठेवावा.
२) बदलाच्या चर्चेत कार्यालयीन कर्मचारी व ग्रंथपाल यांनाही सहभागी करून घ्यावे.
३) नॅकसाठीची माहिती वर्षभर संकलित करावी, ती एकाच समन्वयकावर सोपवू नये.
४) नवे काम देताना कोणते जुने काम कमी होणार, हे स्पष्ट करावे.
५) एका सत्रानंतर आढावा घेऊन आवश्यक ती दुरुस्ती करावी.

निष्कर्ष :
बाहेरून येणारा बदल थांबविणे प्राचार्यांच्या हाती नसते. परंतु तो कसा स्वीकारावा, हे ठरविणे बऱ्याच अंशी त्यांच्या हाती असते. ज्यांना बदलाची किंमत मोजावी लागते, त्यांना ती आधी सांगणे हाच विचारपूर्वक व्यवस्थापनाचा पाया होय.