बोटांनी सुटणारी दुनळी

जुन्या शिकारी बंदुकांवर लिहा, असं संपादकांनी सुचवलं तेव्हा डोळ्यांपुढे राजवाडे आणि भिंतीवरची वाघांची मुंडकी आली. कोल्हापुरात एका परवानाधारक बंदूकमिस्त्रींच्या टेबलावर वेस्टली रिचर्ड्सची दुनळी पाहिली आणि बाकीचं मागेच पडलं.

कंपनी बर्मिंगहॅमची, 1812 सालची. तिथल्याच अ‍ॅन्सन आणि डीली यांनी 1875 मध्ये बाहेरचे घोडे काढून सगळी यंत्रणा पोटात घेतली. काडतूस भरायला नळ्या खाली झुकवल्या की घोडे आपोआप चढतात. 1897 मध्ये डीली आणि लेस्ली टेलर यांनी हीच यंत्रणा, म्हणजे लॉक, बोटांनी बाहेर काढता येईल अशी करून त्यावर कळस चढवला.

मिस्त्रींनी बंदूक उलटी धरली, तळाची बिजागरीची झाकणी उघडली आणि चिमटीत धरून एक लॉक बाहेर काढलं, मग दुसरं. "ह्याला पेचकस लागतच न्हाई बघा." तळहातावर मावणाऱ्या त्या पोलादात घोडा, इंग्रजी व्हीच्या आकाराची स्प्रिंग, चापाचा अडकवणारा दात, सगळं आरशासारखं घासलेलं. जे कुणाला दिसणार नाही तेही इतकं निगुतीनं केलेलं पाहून मी हरखून गेलो. जंगलातल्या तळावर स्प्रिंग तुटली तर कारागीर कुठला? म्हणून पेटीत लॉकची जादा जोडी ठेवत. पावसात भिजली तर लॉक काढायचं, पुसायचं, तेल लावून परत बसवायचं.

या दुनळीची जादा जोडी केव्हाच हरवली आहे. तुटलेली स्प्रिंग मिस्त्री कानशीनं घासून नव्यानं घडवतात, लाल तापवून तेलात बुडवतात आणि निळी झाक येईपर्यंत पुन्हा शेकतात. जरा घाई झाली की पहिल्याच चापाला तुकडा.

काडतुसाचा घोर वेगळाच. अशा कित्येक जुन्या नळ्यांची घरं 65 मिलिमीटरची. आजचं 70 मिलिमीटरचं काडतूस मिटलेलं असताना आत सहज बसतं. बार उडाला की त्याचं तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. बसलं म्हणजे चाललं, असं समजणं जिवावर बेतू शकतं.

त्यात 2019 ची कायदादुरुस्ती. एका परवानाधारकाला पूर्वी तीन बंदुका ठेवता येत, आता दोनच. वारशानं आलेल्यांनाही तोच नियम. जास्तीची ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. शस्त्रांवर लगाम हवाच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण विकावी म्हटलं तर घेणाऱ्यालाही दोनचीच मर्यादा. मग अशी दुनळी मालखान्याच्या दमट कोपऱ्यात गंजत पडते. जमा झालेल्यांतल्या अशा मोजक्या बंदुका, कारागिराकडून तपासून, सरकारी संग्रहालयांकडे जायला हव्यात, आणि त्याही लॉक बाहेर काढून मांडलेल्या.