चुकांची नोंदवही

रोग्याची नाडी पाहिल्यावांचून जाणता वैद्य मात्रा देत नाहीं. डेटाबेस सर्व्हरच्या बाबतींत ही नाडी म्हणजे त्याचा लॉग, अर्थात् नोंदवही होय.

एखादी क्वेरी फसली, कीं पडद्यापुढें बसलेल्या माणसास बहुधा ‘कांहीं तरी बिघडलें’ एवढेंच दिसतें. घात कोणत्या वाक्यानें केला, हें त्यावरून कळत नाहीं. १९९६ सालीं पोस्टग्रेसक्यूएल हें नांव धारण केलेल्या डेटाबेसमध्यें याची सोय मुळांतच आहे. चूक घडतांच तिच्याबरोबर ती घडविणारी क्वेरीहि तो लॉगमध्यें लिहून ठेवतो. नोंदीच्या आरंभीं वेळ, वापरणाऱ्याचें नांव आणि चुकीचा पांच अक्षरी संकेत घालण्याची आज्ञाहि त्यास देतां येते.

हा संकेत फार बोलका असतो. ४२पी०१ म्हणजे क्वेरींत उल्लेखिलेलें टेबल अस्तित्वांतच नाहीं. ४२७०३ म्हणजे त्या नांवाचा रकाना नाहीं. २३५०५ म्हणजे जें एकदांच असावयाचें, तें दुसऱ्यांदा घालूं पाहिलें. पहिल्या दोन चुका बहुधा क्वेरी लिहिणाराच्या. शेवटची मात्र एकच कळ दोनदां दाबणाऱ्या ग्राहकाचीहि असूं शकते. म्हणून नोंदी संकेतवार वेगळ्या करून मोजाव्या. जी क्वेरी पुन्हां पुन्हां आढळेल, तिच्यापासून दुरुस्तीस आरंभ करावा.

एक सावधगिरी मात्र अवश्य पाळावी. क्वेरीबरोबर तींतील नांवें, पत्ते, क्वचित् परवलीचे शब्दहि वहींत उतरतात. जी वही दोष उघड करते, ती स्वतः कुलपांतच असली पाहिजे.