साचा एक असून भागत नाही

मुंबईहून नाशिककडे जाणाऱ्या गाड्यांचे इंजिन पूर्वी इगतपुरीला बदलावे लागे. रूळ तेच, डबे तेच. पण ठाणे-कल्याणच्या तारांत 1500 व्होल्टचा डीसी प्रवाह आणि इगतपुरीपलीकडे 25 हजार व्होल्टचा एसी. पुढे कल्याण शेडची डब्ल्यूसीएएम-3 इंजिने दोन्हींवर धावू लागली. खोळंबा वाचला, पण प्रत्येक इंजिन दुहेरी यंत्रणा वागवत राहिले. प्रश्न सुटला तो तारांमधला प्रवाहच बदलल्यावर: मध्य रेल्वेच्या मेन लाइनवर 2015 मध्ये, हार्बरवर 2016 मध्ये. लिनक्सच्या घराण्यातही असाच पेच आहे. डेबियन, उबंटू, फेडोरा या लिनक्सच्या वेगवेगळ्या आवृत्त्या. त्यांचा गाभा एकच, तरी एकीसाठी बांधलेले पॅकेज दुसरीवर सहसा चालत नाही.

पॅकेज म्हणजे प्रोग्रामच्या फाइली आणि त्यांच्यासोबतची कुंडली: आवृत्ती कोणती, चालायला आणखी काय लागते, वगैरे. पॅकेजचा साचा डेबियनचा ‘डेब’, रेड हॅट आणि फेडोराचा ‘आरपीएम’. सर्वांनी एकच साचा घ्यावा हा उपाय करून झाला आहे. 2001 मध्ये आलेल्या लिनक्स स्टँडर्ड बेस या सामायिक मानकाने आरपीएम निवडला. डेबियनवाल्यांनी ‘एलियन’ नावाच्या साधनाने जुळवून घेतले आणि 2015 मध्ये या मानकातून जवळपास अंगच काढून घेतले. पण फाइलीचा साचा ही खरी अडचण नव्हतीच. अपाची हा वेब सर्व्हर डेबियनमध्ये ‘अपाची2’ नावाने मिळतो, फेडोरामध्ये ‘एचटीटीपीडी’ नावाने. ‘मला अपाची2 लागते’ असे सांगणारे पॅकेज फेडोरावर नेले, तर साचा बदलूनही ते अडूनच बसणार. सोलारिस या युनिक्सच्या वंशातल्या ओपनइंडियाना आणि ओम्निओएस या दोन प्रणालींनी तर आयपीएस ही एकच पॅकेज-पद्धत घेतली, तरी दोघींची पॅकेजांची भांडारे वेगळीच राहिली. म्हणून माझे म्हणणे असे, की वाटून घ्यायची ती नावे, बांधणीच्या कृती आणि सुरक्षा दुरुस्त्यांचे काम. उबंटूला किंवा आपल्या सी-डॅकच्या ‘बॉस’ला डेबियनचा उपयोग होतो तो इथे: हजारो पॅकेजेसची मशागत आधीच झालेली असते. नेटबीएसडीचे ‘पीकेजीसोर्स’ तर बांधणीच्या कृतीच वाटते. स्मार्टओएस, लिनक्स, मॅकओएस, जिथे हवे तिथे बांधून घ्या.

यावर कोणी म्हणेल, फ्लॅटपॅक आणि स्नॅप आल्यावर हा वाद उरला कुठे? प्रोग्रामने लागणारे बरेचसे सामान सोबतच आणावे, प्रश्न मिटला. डेस्कटॉपवरच्या एखाद्या ॲपसाठी हे ठीकच आहे. पण 2014 मध्ये ओपनएसएसएल या सुरक्षा लायब्ररीत हार्टब्लीड हे छिद्र सापडले तेव्हा सामायिक लायब्ररी एकदा दुरुस्त केली की तिच्यावर विसंबलेले सगळे प्रोग्राम सावरत होते. ज्याने स्वतःची प्रत आत बांधून ठेवली होती, त्याला स्वतःच दुरुस्त व्हावे लागले. हे दुहेरी यंत्रणेचे इंजिनच झाले.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सगळे एकाच भांडारावर विसंबले तर एक छिद्र सर्वांना बुडवेल. मार्च 2024 मध्ये ‘एक्सझेड’ या लायब्ररीत मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा उघडकीस आला. गंमत अशी, की तो डेब आणि आरपीएम या दोन्ही बांधण्यांसाठी तयार केलेला होता. साचे वेगळे असून संरक्षण शून्य! वाचलो ते आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने लॉगिनला लागणारा अर्धा सेकंद जास्तीचा वेळ हेरला म्हणून, आणि डेबियनची स्थिर आवृत्ती नवे सामान सावकाश घेते म्हणून. बचाव होतो तपासणाऱ्या डोळ्यांनी, आणि तेच काम चार ठिकाणी स्वतंत्रपणे करायला लावले की हे डोळे विखुरतात.

कल्याण-डोंबिवली महापालिकेची ई-गव्हर्नन्स प्रणाली राज्याने इतर पालिकांसाठी नमुना मानली. उद्या ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीतल्या कचेऱ्यांनी आणि शाळांनी लिनक्स घ्यायचे ठरवले, तर निविदेत साच्याचे नाव लिहू नये. भांडार कोणाचे, सुरक्षा दुरुस्ती किती दिवसांत येणार आणि ती किती वर्षे मिळत राहणार, एवढे लेखी मागावे.