हिमालयातील भूकंप व कवचाची जाडी

हिमालयातील भूकंप व कवचाची जाडी : भारतीय व यूरेशियन हे भूपट्ट जेथे एकमेकांना भिडतात, त्या हिमालयाच्या पट्ट्यात पृथ्वीच्या कवचाची जाडी काहीशे किमी. अंतरात जवळजवळ दुप्पट होते. द्वीपकल्पीय भारताखाली ती सामान्यतः ३५ ते ४० किमी., तर दक्षिण तिबेटाखाली ७० ते ७५ किमी. आहे. जाडीतील हा बदल व येथील विनाशकारी भूकंप ही एकाच हालचालीची फळे होत. मात्र कवच जेथे सर्वांत जाड तेथे धोका सर्वांत मोठा, हा समज बरोबर नाही.

कवचाचा तळ शोधण्याची रीत भूकंपांमुळेच हाती आली. ८ ऑक्टोबर १९०९ रोजी झाग्रेबजवळ झालेल्या भूकंपाच्या नोंदी अभ्यासताना आंद्रिया मोहोरोव्हिचिच यांना दूरच्या स्थानकांवर प्राथमिक तरंग दोनदा आल्याचे दिसले. एक तरंग कवचातूनच आलेला, तर दुसरा खालच्या प्रावरणातून अधिक वेगाने आलेला होता. ज्या सीमेवर हा वेग एकदम वाढून सेकंदास सु. ८ किमी. होतो, तिला मोहो असांतत्य म्हणतात. हिमालयाखाली कवच जाड असावे, हा तर्क मात्र याहून जुना आहे. भारतातील त्रिकोणीकरण सर्वेक्षणात पर्वतराशीच्या आकर्षणाने ओळंबा जितका कलावयास हवा होता, त्याच्या सु. एक-तृतीयांशच तो कलतो, असे प्रॅट यांच्या गणितावरून दिसले. यावर जी. बी. एअरी यांनी १८५५ मध्ये पर्वतांना खाली हलक्या खडकांचे खोल मूळ असते, अशी उपपत्ती मांडली. साध्या ओळंब्याने दिलेली ही सूचना पुढे भूकंप तरंगांनी खरी ठरविली.

हे मूळ तयार होण्याचे कारण म्हणजे भारतीय कवच उत्तरेकडे तिबेटाखाली सरकत आहे. सु. ५ कोटी वर्षांपूर्वी टक्कर सुरू झाल्यापासून कवचाचे थर एकमेकांवर चढत व दुमडत गेले. दोन्ही बाजूंमधील मुख्य विभंगाचा उतार सौम्य असून तो पायथ्याच्या टेकड्यांपासून उत्तरेस हळूहळू खोल जातो. सु. १५ ते २० किमी. खोलीपर्यंतचे खडक थंड व ठिसूळ असल्याने तेथे विभंग अडकून राहतो. त्यापुढे तापमान वाढल्याने तो भूकंपाविना, संथपणे सरकतो. नेपाळ हिमालयात वर्षाला सु. २ सेंमी. आकुंचन होते; अडकलेल्या भागात त्याचा ताण साठतो. म्हणून मोठे भूकंप पर्वताच्या जाड मुळाशी न होता त्याच्या दक्षिणेकडील उथळ भागात होतात.

२५ एप्रिल २०१५ रोजीचा गोरखा भूकंप (महत्ता ७·८) याचे बोलके उदाहरण आहे. त्याचे केंद्र सु. १५ किमी. खोल होते. विभंग पूर्वेकडे सु. १५० किमी. लांबीपर्यंत फाटत गेला आणि काठमांडूचे खोरे सु. एक मीटर उचलले गेले. सु. ९,००० माणसे मृत्युमुखी पडली. तथापि फाटलेला भाग पायथ्याच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचला नाही, त्यामुळे दक्षिणेकडील ताण बव्हंशी तसाच राहिला. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार-नेपाळ भूकंपात मात्र विभंग पृष्ठभागापर्यंत फाटला होता. पश्चिम नेपाळात १५०५ नंतर तशा तोडीचा भूकंप झालेला नाही. वरील वेगाने पाच शतकांत साठणारे सरकणे सु. १० मी. भरते, यामुळे त्या भागातील, तसेच गंगेच्या गाळमैदानातील वस्तीविषयी भूकंपशास्त्रज्ञ चिंता व्यक्त करतात. मैदानातील जाड, सैल गाळात हादरे अधिक तीव्र होतात.

दक्षिण तिबेटाखाली ७० किमी.हून अधिक खोलीवरही क्वचित भूकंप होतात. ते कवचाच्या तळाशी होतात की प्रावरणाच्या माथ्यावर, याबाबत एकमत नाही. कोयना (१९६७) व किल्लारी (१९९३) येथील भूकंप भूपट्टाच्या अंतर्भागातील असल्याने त्यांना वरील स्पष्टीकरण लागू पडत नाही.