काळी माती, पांढरा कापूस आणि मधला करडा

नोव्हेंबरात अकोट किंवा दर्यापूरच्या बाजारात कापसाच्या गाड्या लागल्या, की कॅमेऱ्याची फजिती ठरलेली. ढिगाकडे रोखून ऑटोवर फोटो काढा, कापूस मळकट येतो. तोच कॅमेरा शेजारच्या नांगरलेल्या रानाकडे वळवा, काळी कसदार जमीन राखेसारखी दिसते. कॅमेऱ्यातल्या बिचाऱ्या उजेड मोजणाऱ्या मीटरचा दोष नाही. समोरचं दृश्य सरासरीनं मध्यम करडं, म्हणजे साधारण १८ टक्के उजेड परत फेकणारं आहे, असं धरूनच तो हिशेब करतो. वऱ्हाडात हे गृहीतक दोन्ही टोकांना आपटतं. कापसाला एक ते दीड स्टॉप जास्त आणि काळ्या मातीला साधारण एक स्टॉप कमी, हे आपल्या हातानंच द्यावं लागतं.

वेचणीच्या वेळी तर दोन्ही एकाच चौकटीत असतात. फुटलेली बोंडं, खाली भेगाळू लागलेली जमीन आणि मध्ये वाळत चाललेली पऱ्हाटी. अशा वेळी पांढऱ्याकडे बघून एक्स्पोजर ठरवावं. जुनी निगेटिव्ह उजेडाचा थोडा अतिरेक पोटात घालत असे. सेन्सर तसा उदार नाही. तो एकदा भरला की बोंडातले तंतू गेले, उरतो कोरा ठिपका. सावल्या मात्र रॉ फाइलमधून बऱ्याच वर काढता येतात. जेपेगमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या असतात, १४ बिटांच्या रॉमध्ये १६,३८४. ढेकळाच्या सावलीतला पोत ओढून काढायचा तर हा फरक कामी येतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर उजेडाचा आलेख, म्हणजे हिस्टोग्राम असतो. तो उजव्या भिंतीला धडकला नाही ना, एवढं पाहिलं तरी निम्मं काम झालं.

बहुतेकांचा समज असा, की रंग काढून टाकले की काळा-पांढरा फोटो झाला. खरं तर सेन्सर जन्मतः रंगांधळाच असतो. त्याला फक्त उजेड किती पडला ते कळतं. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांना १९७६ साली एका रंगीत जाळीचं पेटंट मिळालं. सेन्सरच्या दर चार ठिपक्यांपैकी दोघांवर हिरवं, एकावर लाल, एकावर निळं आवरण. आजचे बहुतेक कॅमेरे आणि मोबाइल याच जाळीतून रंग ओळखतात. म्हणजे आपण आधी रंग गोळा करतो आणि मग त्यांचा करडा करतो. त्या दुसऱ्या पायरीवरच सगळी कला आहे.

वरुड-मोर्शीकडची संत्र्याची बाग घ्या. सॉफ्टवेअरनं नुसते रंग पुसले, तर ते साधारणपणे लालाला ३०, हिरव्याला ५९ आणि निळ्याला ११ टक्के वजन देतं. त्या हिशेबात उन्हातलं पान आणि सावलीतलं फळ जवळपास एकाच करड्याची निघतात. डोळ्यांना लखलखीत दिसलेला बहार फोटोत झाडपाल्याचा गठ्ठा होतो. नारिंगी थोडा उजळवा, हिरवा थोडा खाली आणा, संत्री पानांतून बाहेर येतात. मेळघाटच्या पावसाळी जंगलात नेमकं उलटं करावं लागतं. तिथे पिवळा-हिरवा उचलला नाही, तर चिखलदऱ्याची दरी नुसती काळी भिंत दिसते.

हाच नारिंगी पट्टा माणसाच्या कातडीवरही चालतो, आणि माझी खरी तक्रार इथे आहे. तो वर ढकलला की चेहरा गोरा होतो. लग्नाच्या अल्बमांची सवय लागलेला हात तो आपोआप ढकलतो. मेच्या उन्हात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्या उन्हात राबलेला शेतकरी फोटोत मेणाचा पुतळा दिसावा, याला काय म्हणावं? रापलेल्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या गडद ठेवल्या तरच तो माणूस त्याच्या मातीतला वाटतो.

आभाळ गडद करायला निळा खाली ओढण्याचा मोहही आवरावा. फार ओढला की ढगांच्या कडेला दाणे आणि पट्टे उमटतात. रंगीत जाळीच नसलेला सेन्सर घेऊन लायकानं २०१२ मध्ये आणि पेंटॅक्सनं २०२३ मध्ये निव्वळ काळे-पांढरे कॅमेरे आणले. तपशील सुरेख, पण रंगांची फिरवाफिरव नंतर करता येत नाही. आजोबांच्या काळासारखी पिवळी-लाल काच भिंगापुढे लावा. या कॅमेऱ्यांच्या किमतीबद्दल न बोललेलं बरं.

वऱ्हाडच्या या कापसाचं आणि फोटोग्राफीचं नातं मात्र त्याहून जुनं आहे. १८४६ मध्ये शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञानं कापसावर आम्लांची प्रक्रिया करून स्फोटक ‘गनकॉटन’ जाहीर केलं. ते ईथर-अल्कोहोलात विरघळवलं की कोलोडियन होतं. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरनं तेच काचेवर पसरून निगेटिव्ह बनवण्याची रीत दिली. पुढे फिल्मची पट्टीसुद्धा कापसाच्याच सेल्युलोजची झाली. आर्चरच्या रीतीच्या सुमारासच, १८५३ मध्ये, निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिकडचा कापूस थांबला आणि इथल्या गठाणी मँचेस्टरकडे निघाल्या. मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारी अरुंद रुळांची ‘शकुंतला’ नंतर आली, ती मुख्यतः कापसासाठीच. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरमध्येच बनलेलं. १९९४ मध्ये डिझेल येईपर्यंत ते धावलं. रुळांवरच्या गंजाचा लाल पट्टा थोडा खाली आणला, तर लोखंडाचं वजन फोटोत उतरतं.

हे सगळं कागदावर आणताना कापूस पुन्हा भेटतो. जिनिंगनंतर सरकीला जे आखूड तंतू चिकटून राहतात, त्या लिंटरपासून उत्तम छपाईचा कागद होतो. जर्मनीतली हानेम्यूले ही कागद गिरणी १५८४ सालची. तिचा ३०८ ग्रॅमचा ‘फोटो रॅग’ पूर्ण कापसाचा आहे. त्यावर काळा रंग चकचकीत कागदाइतका खोल जात नाही, पण करड्याच्या छटा मऊ उतरतात. कापसाच्या ढिगाला तो शोभतो, ओल्या काळ्या रानाला चकचकीत बरायटा कागद.

शहरातल्या नेहमीच्या रंगीत लॅबमध्ये करडा रंग तीन रंगद्रव्यांच्या मिश्रणातून बनतो. मिश्रण जरा हललं की हिरवट किंवा गुलाबी झाक येते. त्यापेक्षा करड्याच्या दोन-तीन वेगळ्या शाया असलेला पिगमेंट प्रिंटर बरा. मात्र आपल्या कोरड्या उन्हाळ्यात त्याचे नोझल सुकतात, म्हणून आठवड्यातून एखादी प्रिंट काढत राहावं. २४ मेगापिक्सेलची फाइल इंचाला ३०० ठिपक्यांनी सुमारे २० बाय १३ इंच होते. त्याहून मोठी हवी असेल तर थोडं लांबून बघायची तयारी ठेवावी.

प्रिंट काळपट आली की लोक लॅबवाल्याशी भांडतात. बहुधा घरच्या स्क्रीनची चमक जास्त असते. तिला १०० ते १२० कॅन्डेलावर आणावं आणि पूर्ण प्रिंट काढण्याआधी एकच पट्टी छापून घ्यावी. त्या पट्टीत बोंड, ढेकूळ आणि माणसाचा चेहरा तिन्ही यावेत. ट्यूबलाइटखाली नव्हे, दिवसा ओसरीत धरून ती बघावी. चेहरा पटला, की बाकीचं दोन स्लायडरांवर निभावतं.